दोन कंसांमधली मोकळी जागा

१९९८ ते २०११ ही तेरा वर्षं सी++ लिहिणारे जगभरचे प्रोग्रामर एक विचित्र शिस्त पाळत होते. दोन टोकदार कंस लागोपाठ बंद करायची वेळ आली की मध्ये एक स्पेस सोडायची. समजा, 'आकड्यांच्या याद्यांची यादी' असं कंपायलरला सांगायचं आहे. त्यासाठी व्हेक्टर लिहायचं, त्याच्या कंसात पुन्हा व्हेक्टर, आणि त्याच्या कंसात इंट. शेवटी दोन कंस एकापाठोपाठ एक मिटतात. ते >> असे चिकटून लिहिले की कंपायलर अडून बसायचा. > > असे सुटे लिहिले की निमूट पुढे जायचा.

कंपायलर प्रोग्राम डावीकडून उजवीकडे वाचतो आणि वाचताना त्याला हावरटपणाची सवय असते. ओळखीचं सगळ्यात लांब चिन्ह जेवढं उचलता येईल तेवढं तो एका घासात उचलतो. आणि >> हे चिन्ह त्याच्या फार जुन्या ओळखीचं होतं. सी++ ज्या सी भाषेतून वाढली, तिच्यात त्याचा अर्थ 'बिट उजवीकडे सरकव' असा आहे. १३ हा आकडा यंत्राच्या आत ११०१ असा असतो. १३ >> १ म्हटलं की शेवटचा १ गळून ११० उरतो, म्हणजे ६. तेव्हा याद्यांची यादी लिहिणाऱ्याने दोन कंस मिटले, तरी कंपायलरला दिसायचं ते बिट सरकवायचं चिन्ह.

इथवर समजण्यासारखं आहे. पण जीसीसी हा प्रसिद्ध कंपायलर अशा वेळी एररचा मेसेज काय द्यायचा? मतितार्थ असा, की इथे >> च्या जागी > > लिहा. म्हणजे लिहिणाऱ्याच्या मनात काय आहे हे त्याला नेमकं कळलेलं असायचं. कळूनही तो नाही म्हणायचा, कारण भाषेचा लिखित नियम तसा होता. तो नियम बदलायला २०११ उजाडलं. बरं, बदलतानाही भाषेचे नियम ठरवणाऱ्या समितीला हिशेब करावा लागला, की टोकदार कंसांच्या आत कुणी खरोखरच बिट सरकवायचं गणित लिहून ठेवलं असेल तर त्याचा प्रोग्राम मोडेल. असे लोक जगात अगदीच थोडे निघतील, आणि त्यांनी तेवढ्यापुरता एक जादा साधा कंस घालावा, असं ठरलं.

सॉफ्टवेअरचं जग रोज बदलतं असं आपण येताजाता ऐकतो. त्या जगाच्या पायाशी एक स्पेस पुसायला तेरा वर्षं लागली.

यामागे आळस नव्हता. बार्ने स्ट्राउस्ट्रुप हा डेन्मार्कचा तरुण १९७९ साली अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या बेल लॅब्समध्ये दाखल झाला. केंब्रिजला पीएचडी करताना त्याने सिम्युला ही नॉर्वेत तयार झालेली भाषा वापरली होती. तिच्यात विचार सुटसुटीत मांडता यायचे, पण प्रोग्राम रडतखडत चालायचे. उलट सी वेगवान होती, पण तिच्यात मोठा पसारा सांभाळणं जिकिरीचं. दोन्हींतलं चांगलं ते एकत्र आणावं म्हणून त्याने 'सी विथ क्लासेस' सुरू केली. १९८३मध्ये तिचं सी++ असं बारसं झालं आणि १९८५मध्ये ती बाजारात आली. ती तरली याचं मोठं कारण असं, की सीमध्ये लिहिलेला जवळजवळ सगळा जुना माल तिच्यात तसाच चालत होता. जुन्या गिऱ्हाइकाला फारसं काही टाकून द्यावं लागलं नाही. हे वचन तिने पुढे चाळीस वर्षं पाळलं, आणि तेच तिच्या पायातली बेडीही झालं. घरातली वीज चालू ठेवून वायरिंग बदलायचं काम आहे हे. मेन स्विच बंद करायची मुभा कुणालाच नाही, कारण त्या विजेवर बँका, विमानं, ब्राउझर आणि दवाखान्यांतली यंत्रं चालू आहेत.

'ऑटो' या शब्दाची कथा तर मला कादंबरीच्या तोडीची वाटते. कंपायलरला प्रत्येक व्हेरिएबलचा प्रकार सांगावा लागतो: हा पूर्णांक, हा अपूर्णांक, ही अक्षरांची माळ. स्ट्राउस्ट्रुपला वाटलं, उजव्या बाजूला ३.७ लिहिलेलं दिसतंय, मग प्रकार कोणता ते कंपायलरने स्वतः ओळखावं. 'ऑटो किंमत = ३.७' एवढं पुरे. १९८४च्या सुरुवातीला त्याने हे आपल्या कंपायलरमध्ये चालवूनही दाखवलं. पण ऑटो हा शब्द सीमध्ये आधीपासून होता. केन थॉम्पसनच्या बी भाषेतून तो सीमध्ये आला होता आणि तिथे त्याला जवळपास काहीच काम उरलं नव्हतं. शिवाय सीचा आणखी एक जुना नियम होता, की प्रकार लिहायचा राहिला तर इंट समजायचा. म्हणून जुन्या सीमध्ये हीच ओळ लिहिली तर किंमत ३ व्हायची. दशांशचिन्हापुढचं सगळं गायब, आणि तक्रार कुठेच नाही! एकाच ओळीचे दोन अर्थ होऊ लागले तेव्हा स्ट्राउस्ट्रुपला आपली चालती सोय उचकटून काढावी लागली.

पुढे १९९९मध्ये सीनेच तो 'राहिलं तर इंट समजा' हा नियम रद्द केला. वाट मोकळी झाली, आणि २०११च्या सी++मध्ये ऑटो स्ट्राउस्ट्रुपच्या मूळ कल्पनेसकट आला. मधे २७ वर्षं गेली होती. त्याहून मजेची गोष्ट पुढे आहे: सी२३ या आवृत्तीत सी भाषेनेही ऑटोचा हाच अर्थ उचलला. ज्या सीच्या भिडेखातर लेकीने ही सोय काढून टाकली होती, ती सी आज लेकीकडूनच ती शिकली.

२०११ची ती आवृत्ती मुळात २००९च्या आत यायची होती. म्हणून तिचं तात्पुरतं नाव सी++०एक्स ठेवलं होतं. एक्सच्या जागी यथावकाश एखादा आकडा येणार. दशक उलटलं तरी पत्ता नाही, तेव्हा गंमत सुरू झाली की हा आकडा सोळाच्या पायात मोजायचा असणार, म्हणजे ० ते ९ संपल्यावर ए, बी, सी चालतात. ११ म्हणजे बी. शब्द पाळला गेला! त्यानंतर मात्र समितीने शहाणपणा केला आणि दर तीन वर्षांनी, जेवढं तयार असेल तेवढं घेऊन, गाडी सोडायची ठरवलं: २०१४, २०१७, २०२०, २०२३. आता उलटी भीती उभी राहिली. प्रत्येकाला आपली एक तरी सुधारणा भाषेत हवी. २०१८ साली स्ट्राउस्ट्रुपने समितीला एक टिपण लिहिलं: 'वासा आठवा'. वासा ही स्वीडनच्या राजाची युद्धनौका. एक जादा तोफांचा मजला, जादा नक्षीकाम असं करत ती इतकी वरजड झाली, की १० ऑगस्ट १६२८ला स्टॉकहोमच्या बंदरातून निघाली आणि सुमारे १,३०० मीटरवर वाऱ्याच्या झुळकीने कलंडून बुडाली. भाषा ज्याने जन्माला घातली त्यानेच तिच्या वजनाची काळजी करत समितीला विनवावं, असा प्रसंग क्वचितच येतो.

तर अशी ही भाषा. तिच्यात भर पडते, पण तिच्यातून सहसा काही बाहेर जात नाही. जुनी रीत आणि नवी रीत एकाच घरात शेजारीशेजारी नांदतात, आणि कंपायलर दोन्ही मुकाट स्वीकारतो. मग नव्याने शिकणाऱ्याला यातलं टाकाऊ काय आणि टिकाऊ काय हे कळायचं कसं? कंपायलर सांगणार नाही. भाषेचे नियम नोंदवणारं स्टँडर्डचं पुस्तक हजारभर पानांच्या पुढे गेलेलं. ते तर मुळीच सांगणार नाही. भाषेतून जे वगळता येत नाही ते फक्त एकाच जागी वगळता येतं, ती जागा म्हणजे पहिला धडा. माझ्या मते सी++ची खरी उत्क्रांती समितीत निम्मी होते आणि वर्गात निम्मी. वर्गातली निम्मी राहून गेली तर समितीने कितीही ठराव केले तरी भाषा जागच्या जागी.

याचं उदाहरण शोधायला आपल्याला लांब जावं लागत नाही. महाराष्ट्रातल्या आणि एकूणच भारतातल्या कितीतरी कॉलेजांच्या लॅबमध्ये वर्षानुवर्षं सी++ शिकवलं गेलं ते टर्बो सी++वर. निळा पडदा, पिवळी अक्षरं. बोरलँड कंपनीने १९९० साली डॉससाठी काढलेलं हे साधन. भाषेचं पहिलं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आलं १९९८मध्ये; म्हणजे हा कंपायलर त्याच्याही आधीचा. नेमस्पेस म्हणजे काय हे त्याला ठाऊक नाही. खरं-खोटं साठवणारा बूल हा प्रकार त्याच्या गावी नाही. पुढे ६४ बिटांचं विंडोज आलं आणि त्यावर १६ बिटांचे जुने प्रोग्राम चालेनात, तेव्हा डॉसबॉक्स नावाची युक्ती मदतीला धावून आली. डॉसबॉक्स हे मुळात जुने डॉस गेम खेळता यावेत म्हणून शौकिनांनी बनवलेलं सॉफ्टवेअर! गेमवाल्यांच्या पुण्याईवर अभ्यासक्रमाची प्रॅक्टिकल पार पडत राहिली.

त्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमधला प्रोग्राम कुठल्याही वर्षीचा उघडा. कोनिओ डॉट एच. व्हॉइड मेन. क्लिअरस्क्रीन. शेवटी गेटसीएच. यातलं एकही अक्षर सी++च्या स्टँडर्डमध्ये बसत नाही. मेनच्या आधी व्हॉइड लिहिणं हे सी++मध्ये कधीच नव्हतं, असं स्ट्राउस्ट्रुपने आपल्या प्रश्नोत्तरांत अगदी स्वच्छ लिहून ठेवलंय. पण यातली प्रत्येक ओळ एकेकाळी कारणाने आली होती. टर्बोमध्ये प्रोग्राम संपला की पडदा झटकन परत एडिटरवर जायचा आणि आऊटपुट वाचायला मिळायचंच नाही. म्हणून शेवटी 'एक कळ दाबेपर्यंत थांब' सांगणारा गेटसीएच. मागच्या वेळचं आऊटपुट पडद्यावर तसंच उरलेलं असायचं, म्हणून आधी क्लिअरस्क्रीन. कारणं गेली, ओळी राहिल्या, आणि व्हायवाला एक्सटर्नलने विचारलं की 'सर, असं लिहावंच लागतं' हे उत्तर राहिलं.

एवढ्याने फार बिघडत नाही म्हणावं, तर हे पाहा. टर्बोमध्ये २०० गुणिले २०० करायला सांगा. उत्तर येतं उणे २५,५३६. तिथला इंट दोन बाइटचा, म्हणून ३२,७६७च्या पुढे त्याला मोजताच येत नाही. पुढे गेलं की तो फिरून उण्याच्या टोकाला जातो. ४०,०००मधून ६५,५३६ वजा केले की हेच उत्तर मिळतं. 'इंटचा आकार किती?' या प्रश्नाला 'दोन बाइट' हे पाठ केलेलं उत्तर घेऊन मुलं मुलाखतीला जातात, आणि समोरच्या लॅपटॉपवर तो निवांत चार बाइटचा असतो.

शिक्षकांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. टर्बो म्हणजे पेनड्राइव्हवर मावणारं एक फोल्डर. इंटरनेट नको, अॅडमिनचा पासवर्ड नको, जुनाट मशीनवरही सुरळीत. अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवणार, पेपर दुसराच कुणी काढणार, तपासणारा तिसरा. अशा साखळीत एकट्या मास्तरांनी व्हॉइड मेन सोडून द्यायचं ठरवलं तर त्यांच्या मुलांचे मार्क जायचे. जुनं चालू ठेवण्याचा जो दबाव सी++च्या समितीवर आहे, तसाच तो लॅबमधल्या शिक्षकावरही आहे.

आता जुन्या-नव्या रीतीतला फरक जरा जवळून पाहू. प्रोग्रामिंगच्या पहिल्या आठवड्यातला हमखास प्रश्न: वापरणाऱ्याचं नाव विचारा आणि नमस्कार करा. जुन्या रीतीने याची सुरुवात होते ती वीस घरांच्या कॅरेक्टर अॅरेने. नावाला वीस घरं पुष्कळ झाली, असं वाटतं. आता रोमन लिपीत पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे असं नाव टाका. पहिला झटका असा, की नाव वाचून घेणारा स्कॅनएफ पहिल्या स्पेसला थांबतो आणि पडद्यावर नुसत्या पुरुषोत्तमला नमस्कार होतो. विद्यार्थी मग कुणाला तरी विचारून गेट्स हे फंक्शन वापरतो, कारण ते स्पेससकट पूर्ण ओळ घेतं. आता मोजा. पुरुषोत्तमची ११ अक्षरं, एक स्पेस, लक्ष्मणची ६, पुन्हा एक स्पेस, देशपांडेची ९. एकूण २८, आणि शेवट दाखवणारं एक शून्य धरून २९. घरं वीस. आडनावातला पहिला डी तेवढा आत बसतो; उरलेली आठ अक्षरं आणि ते शून्य शेजारच्या जागेत सांडतात. शेजारी कुणाचे मार्क असतील, किंवा हे फंक्शन संपल्यावर परत कुठे जायचं तो पत्ता असेल. गेट्सला घरं किती आहेत हे विचारायची सोयच नाही, म्हणून ते थांबतही नाही.

नेमक्या याच सांडण्यावर २ नोव्हेंबर १९८८ला इंटरनेटवरच्या पहिल्या मोठ्या हल्ल्याची एक वाट बेतलेली होती. कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला किडा एका सेवेला ५३६ बाइटची ओळ पाठवायचा. त्या सेवेने गेट्स वापरलेलं होतं आणि जागा राखली होती ५१२ बाइटची. जादा २४ बाइटमध्ये परतीचा पत्ता बदलला जायचा आणि यंत्र किड्याचं ऐकू लागायचं. हजारो यंत्रं ठप्प झाली. एवढं होऊनही गेट्स सी भाषेतून अधिकृतपणे हद्दपार झालं ते २०११च्या स्टँडर्डमध्ये, आणि सी++मधून २०१४ला. आणि कितीतरी नोट्समध्ये ते अजून जिवंत आहे, कारण नोट्सना स्टँडर्ड लागू होत नाही.

नव्या रीतीत हाच प्रोग्राम स्ट्रिंग आणि गेटलाइनने होतो. एक स्ट्रिंग घोषित करायची, गेटलाइनला सांगायचं की ओळ वाच. नाव कितीही लांबीचं असो, स्ट्रिंग आपली जागा आपण वाढवते आणि काम झालं की परतही करते. ओळी कमी, चुकायच्या जागा त्याहून कमी. ही सोय १९९८पासून स्टँडर्डमध्ये आहे. म्हणजे 'आधुनिक' म्हणून जे शिकवायचं त्याचंही वय आता पंचविशीच्या पुढे गेलंय!

स्ट्राउस्ट्रुपने १९९९मध्येच एक लेख लिहून सांगितलं होतं, की स्टँडर्ड सी++ ही एक नवी भाषा समजून शिका. आधी सी मग सी++ हा क्रम नको. अँड्र्यू कोनिग आणि बार्बरा मू या जोडप्याने २०००मध्ये 'अॅक्सिलरेटेड सी++' हे पुस्तक त्याच धर्तीवर रचलं: स्ट्रिंग आणि व्हेक्टर आधी, पॉइंटर, म्हणजे मेमरीतल्या जागांचे पत्ते, थेट दहाव्या प्रकरणात. पुढे स्ट्राउस्ट्रुप टेक्सास ए अँड एम विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवू लागला आणि त्यातून २००८मध्ये आलेल्या पुस्तकात पॉइंटर सतराव्या प्रकरणापर्यंत थांबले. २०१५ साली सी++ शिकवणाऱ्या केट ग्रेगरी यांनी एका परिषदेत केलेल्या भाषणाचं नावच होतं, 'सी शिकवणं थांबवा'. त्यांचा रोख सी भाषेवर नव्हता. सी++ शिकवायची म्हणून आधी अर्धं वर्ष सी शिकवण्यावर होता.

यावर आपल्याकडे ठरलेला आक्षेप असतो, की पॉइंटर आले नाहीत तर पाया कच्चा राहील. आक्षेपात दम आहे, पण क्रमाबद्दल तो काहीच सांगत नाही. सतराव्या प्रकरणापर्यंत मुलाने व्हेक्टर शेकडो वेळा वापरलेला असतो. तो वाढतो कसा, जागा आणतो कुठून, हे कुतूहल तोवर त्याचं स्वतःचं झालेलं असतं. मग पॉइंटर घेऊन तो आपला व्हेक्टर स्वतः आतून बांधतो. प्रश्न आधी आणि उत्तर नंतर, एवढाच फरक. पण जो विद्यार्थी पहिल्याच महिन्यात तारे आणि अँपरसँड बघून 'आपलं हे काम नाही' म्हणत कॉमर्सची आठवण काढतो, त्याच्यासाठी तो फरक सगळा आहे.

जुनं न मोडण्याची ही शपथ सगळ्याच भाषांनी घेतलेली नाही. पायथनने ३ डिसेंबर २००८ला तिसरी आवृत्ती काढली आणि जाणूनबुजून मागचं मोडलं. मराठी वाचकाला त्यातला एक बदल लगेच भिडावा. दुसऱ्या पायथनला 'मराठी' या शब्दाची लांबी विचारली तर उत्तर यायचं १५, कारण तो बाइट मोजायचा आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये तीन बाइट खातं. तिसरा पायथन ५ म्हणतो: म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी. (आपण तीन म्हणू, तो वाद वेगळा.) तिसऱ्या पायथनमध्ये व्हेरिएबलला 'किंमत' किंवा 'एकूण' असं देवनागरी नाव दिलं तरी प्रोग्राम बिनतक्रार चालतो. या सगळ्यासाठी केवढी किंमत मोजावी लागली! जुन्या पायथनला निरोप द्यायचं साल आधी २०१५ ठरलं होतं. जग तयार होईना म्हणून ते १ जानेवारी २०२०पर्यंत ढकललं. अकरा वर्षं दोन पायथन शेजारीशेजारी, आणि नवशिक्याला पडलेला पहिला प्रश्न एकच: प्रिंटला कंस द्यायचा की नाही?

जावास्क्रिप्टला तर मोडायची चैन परवडतच नाही, कारण तिचे प्रोग्राम जगातल्या असंख्य जुन्या वेबसाइटवर पडून आहेत आणि ते कुणी दुरुस्त करणार नाही. २०१८मध्ये याद्यांमधल्या याद्या सपाट करणारी 'फ्लॅटन' नावाची सोय फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत घातली, तर मूटूल्स या जुन्या लायब्ररीवर चालणारी एक साइट मोडली. मूटूल्सने ते नाव आधीच आपल्यापरीने वापरलेलं होतं. कुणीतरी थट्टेत सुचवलं, मग तिला 'स्मूश' म्हणू. त्यावर जे रणकंदन माजलं त्यानंतर नाव ठरलं, फ्लॅट. आजची मुलं ते नाव शिकतात, त्यामागे एक विसरलेली लायब्ररी उभी आहे.

पुन्हा सी++कडे. शिकणाऱ्याला सगळ्यात जास्त छळ होतो तो एररच्या मेसेजचा. सी++मध्ये लिस्ट नावाची साखळी असते. तिच्यात पाचव्या घरात थेट उडी मारता येत नाही, एकेक कडी धरत जावं लागतं. क्रमवार लावणाऱ्या सॉर्टला मात्र थेट उडी लागते. नवशिका सॉर्टला लिस्ट देतो, आणि कंपायलर पडदाभर मजकूर ओकतो, त्यात लायब्ररीच्या पोटातल्या अशा फंक्शनांची नावं असतात जी त्याने जन्मात लिहिलेली नाहीत. यावर उपाय म्हणून 'कन्सेप्ट' आणायचं ठरलं: सॉर्टने आपली अट दारावरच लिहून ठेवायची, की थेट उडी मारता येणारं काहीतरी द्या. हे २०११च्या आवृत्तीसाठी मंजूरही झालं होतं. पण प्रकरण फार गुंतागुंतीचं झालं आणि जुलै २००९मध्ये फ्रँकफर्टच्या बैठकीत समितीने ते सगळंच्या सगळं काढून टाकलं. सुटसुटीत होऊन ते परतलं २०२०मध्ये. आता लायब्ररीच्या रेंजेस या नव्या विभागातला सॉर्ट वापरला तर कंपायलर मुद्द्यावर येतो: तुमची अट पुरी होत नाही, आणि ती ही.

सध्या समितीच्या डोक्यावर सुरक्षेची टांगती तलवार आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये अमेरिकेच्या व्हाइट हाउसमधून निघालेल्या एका अहवालाने मेमरी सुरक्षित ठेवणाऱ्या भाषांकडे वळा असा सल्ला दिला. रस्टसारख्या भाषेत ते देशपांड्यांचं सांडणं मुळातच होऊ दिलं जात नाही. सी++ला आपली जुनी वीज बंद न करता तिथवर पोचायचं आहे, आणि त्यातलं एक छोटं पाऊल मार्च २०२४च्या टोकियोतल्या बैठकीत पडलं. ते आपल्या व्हायवाशी थेट निगडित आहे. 'फंक्शनमधल्या व्हेरिएबलला किंमत न देता तो छापला तर काय येईल?' या प्रश्नाला पिढ्यान् पिढ्या एकच उत्तर होतं: गार्बेज व्हॅल्यू. स्टँडर्डच्या भाषेत तर त्याहून भयंकर. असा प्रोग्राम काहीही करू शकतो, कंपायलरवर कसलंच बंधन नाही. सी++२६ या आवृत्तीत हे बदललं. किंमत न देता वाचणं ही अजूनही चूकच, पण आता हाती मिळणारी किंमत कंपायलरने ठरवून ठेवलेली असेल, आधीच्या कुणाचा उरलासुरला पासवर्ड वगैरे नसेल. जुन्या प्रोग्राममध्ये एक अक्षरही बदलायला नको. नव्या कंपायलरवर पुन्हा चढवला की झालं. आणि वेगासाठी एखादी जागा कुणाला मुद्दाम पूर्वीसारखी गार्बेजसकट सोडायची असेल, तर त्याने तसं आपल्या हाताने लिहून द्यायचं. दुहेरी चौकटी कंसात, 'इनडिटरमिनेट'.